उजव्या कडेला झिजलेला ए

सोमवार, ६ जानेवारी २०२५

दरवर्षी एक तारखेला नवी वही सुरू करतो. यंदा पाच दिवस उशीर झाला, कारण दुकानात रेघांच्या वह्या संपल्या होत्या आणि चौकटीच्या वहीत माझं अक्षर गुदमरतं. नंदिनी म्हणाली, "रोज काय लिवता ओ एवढं? भाजी आणली, साबण आणला." लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण तिनं माझी एकही वही उघडून बघितलेली नाही. ही शिस्त मला आवडते. माझ्या कुठल्याच वहीत खाडाखोडही नाही. तीस वर्षं टायपिंग शिकवलं, आणि टायपिंगच्या परीक्षेत खोडलेला शब्द म्हणजे चुकलेला शब्द.

आता टायपिंग कोण शिकतंय? क्लास बंद करून पाच वर्षं झाली. तेव्हापासून मी अकरा ते पाच राजारामपुरीत पुतण्याच्या दुकानात बसतो. ऋतुराज जुने लॅपटॉप घेतो, नीट करतो आणि विकतो. पंखा, बॅटरी, बिजागऱ्या हे दोघे कारागीर बघतात. कीबोर्ड माझ्याकडं. एकेक बटण उचकटून दात घासायच्या मऊ ब्रशनं खालची घाण काढायची. माणसांच्या बोटांखाली काय काय साचतं ते कुणाला सांगून पटायचं नाही. बिस्किटाचा चुरा, केस, अंगारा. शेवटी डिस्क खोडायची आणि रजिस्टरला सही करायची, हेही माझंच काम. मागच्या मालकाचं काहीही उघडायचं नाही, थेट खोडायचं, हा दुकानातला नियम मीच घालून दिलाय. आधी सगळे लोकांचे फोटो बघत बसायचे.

आमचा माल खोक्यांतून पुण्याहून येतो. आज मात्र एकच काळा लॅपटॉप कापडी पिशवीतून आला आणि ऋतुराजनं स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवला.

"काका, ह्यो एवढा तुमीच करा. सावकाश करा, घाई न्हाय."

"गिऱ्हाईक ठरलंय?"

"न्हाय. पर तुमीच करा."

पिशवी जुन्या साडीच्या काठाची होती. नंदिनी शिवते तशी. असल्या पिशव्या घरोघरी असतात.

मंगळवार, ७ जानेवारी

आज काळ्याचा कीबोर्ड उघडला आणि हात थांबला.

झिजलेली बटणं मला वाचता येतात. ई आणि स्पेस सगळ्यांचेच झिजतात. ए हे डाव्या करंगळीचं बटण. करंगळी त्यावर सरळ पडते, म्हणून त्याचं अक्षर मधोमध पुसट होतं. या कीबोर्डवर ए ची फक्त उजवी कड गुळगुळीत झालीय. डावीकडं अक्षर नव्यासारखं आहे. म्हणजे हा माणूस ए करंगळीनं मारत नाही. शेजारचं बोट एस वरून तिरकं आणून मारतो.

असं मारणारं एकच माणूस मी पाहिलंय. भैरवी, माझी मुलगी. तेरा वर्षांची असताना तिच्या डाव्या हाताची करंगळी दारात सापडली. नख गेलं आणि पेर वाकडं बसलं. मग ती ए त्या शेजारच्या बोटानं मारायला लागली. पद्धत चुकीची, पण वेग मिनिटाला पन्नास शब्दांचा. परीक्षेत पहिली आली. पहिल्या येणाऱ्यांचे फोटो क्लासच्या भिंतीवर लावायची माझी पद्धत होती. तिचा लावला नाही. चुकीच्या पद्धतीचा फोटो भिंतीवर कसा लावणार?

आम्हाला मुलगी नाही असं मी दहा वर्षांपूर्वी, क्लासच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवशी, चारचौघांत सांगितलं. माझ्या लेखी ती मेली, असे शब्द वापरले होते. त्यानंतर घरात तिचं नाव निघालेलं नाही. आज ते वहीत लिहिलं गेलं. शाईचं पेन आहे, आता काय करणार.

करंगळ्या दुखावलेली माणसं जगात पुष्कळ असतील.

गुरुवार, ९ जानेवारी

साफ करून कीबोर्ड तपासायला घेतला. त्याचा एक प्रोग्राम असतो. बटण दाबलं की पडद्यावर त्याचा चौकोन हिरवा होतो. सगळी बटणं दाबली, हात मांडीवर ठेवले. ए चा चौकोन आपोआप पुन्हा उजळला. विझला. परत उजळला.

खाली कण अडकला असणार. बटण काढून पुसलं, बसवलं. पाच मिनिटांनी परत तेच.

आज गुरुवार, दुकान दोनला बंद होतं, म्हणून दुपारी घरी होतो. जेवून पडलो तर वरच्या मजल्यावर, क्लासच्या खोलीत, कुणीतरी टाइप करत होतं. टक टक टक, मग अर्ध्या श्वासाएवढी फट, मग टक. ती फट म्हणजे शेजारचं बोट एस वरून ए वर जायला लागणारा वेळ. नंदिनी समोर मेथी निवडत बसली होती. तिला विचारलं, "काही ऐकू येतं का?" तिनं जुडी खाली ठेवली. म्हणाली, "तुमाला काय येतंय?"

वर जाऊन आलो. कुणी नाही. मशिनी कधीच भंगारात गेल्यात. कोपऱ्यात पेट्या तेवढ्या आहेत. विद्यार्थ्यांनी बटणांकडं बघू नये म्हणून मी फळीच्या पेट्या करून घेतल्या होत्या. मागं बिजागरी, कडेला पत्रा. मशीनवर पेटी ठेवायची, तिच्याखालून हात घालायचे. आख्ख्या कोल्हापुरात अशा पेट्या फक्त माझ्याकडं होत्या. दहा होत्या, नऊ भरल्या. दहावी कुठं गेली आठवत नाही.

शनिवार, ११ जानेवारी

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नंदिनी कळंब्याला बहिणीकडं जाते. धोंडुबाई तिची थोरली बहीण, विधवा, एकटी राहते. नंदिनी संध्याकाळी परत आली ती खुशीत. मोबाइलच्या पाठीवर पिवळ्या बदकाचं स्टिकर. "हे कुणी लावलं?" तर म्हणाली, "एक हाय द्वाड." धोंडुबाईंच्या घरात लहान मूल नाही. शेजारचं असेल.

दुकानात ऋतुराज दोनदा टेबलापाशी येऊन गेला. "काका, खोडायच्या आधी एकदा उघडून बघा की. पासवर्ड न्हाय त्याला."

"नियम काय आहे?"

"नियम हाय ओ. पर मालकिणीनंच सांगितलंय, बघा म्हणून."

मालकीण म्हणाला. मी कोण ते विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि मग ते मला ठाऊक झालं असतं.

सोमवार, १३ जानेवारी

नियम मोडला. अर्धा मोडला. लॅपटॉप सुरू केला.

पडद्यावर तलावाचा फोटो आहे. काठावर पाठमोरं एक लहान मूल, लाल टोपडं घातलेलं. डेस्कटॉपवर सगळं आवरलेलं आहे, एकच फाइल शिल्लक. तिचं नाव "सर".

जगात सर काय थोडे आहेत? शाळेत सर, बँकेत सर, रिक्षावालेसुद्धा हल्ली सर म्हणतात.

माउसवर बोट ठेवून बसलो. जिवंत माणसानं लिहिलंय की मेलेल्या, एवढं जरी कळलं असतं तरी उघडली असती असं वाटतं. मी दहा वर्षं तिला मेलेली म्हणत आलोय. खरंच कधीतरी गेली असेल आणि मला कुणी सांगितलं नसेल, तर? सांगायला यायला मी कुणाला तोंड ठेवलंय? भीती वाटते. पासष्टी जवळ आलेल्या माणसानं एका बटणाला घाबरावं याची लाजही वाटते.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. झाकण लावलं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. नंदिनीनं तिळाच्या वड्या केल्या. डबे दोन भरले. एक देवापुढं ठेवला, दुसऱ्याचं विचारलं नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

नंदिनी महाद्वार रोडवरून हलव्याचे दागिने घेऊन आली. इवलासा मुकुट, बासरी, हार. बोरन्हाणाला पाच वर्षांच्या आतल्या मुलांना घालतात ते. "कुणाला?" तर "कळंब्यात एकाचं हाय." शेजारच्यांच्या मुलाचं एवढं कशाला करते कळत नाही. मनानं मोठी आहे, पहिल्यापासून.

वर आवाज रोज येतो. आता दुपारीच असं नाही. चहाच्या वेळी, आंघोळ करताना, कधीही. फट तीच. मी बोटं मोजतो.

सोमवार, २० जानेवारी

खोडला.

सकाळी अकराला बसलो. फाइल "सर" तिथंच होती. बाण तिच्यावर नेला आणि काढला, असं किती वेळा केलं कुणास ठाऊक. मग वाटलं, नियम कशासाठी असतो? अशाच वेळी माणसानं घसरू नये म्हणून असतो. खोडणीचा प्रोग्राम लावला. तीन फेऱ्यांचा. एका फेरीत खोडलेलं जाणकाराला परत काढता येतं म्हणतात. तीन फेऱ्यांनंतर कुणाच्या बापाला काढता येत नाही.

एक्केचाळीस टक्के झाले असताना ऋतुराज आला. पडद्याकडं बघून त्यानं स्टूल ओढलं आणि मटकन बसला.

"काका, फाइल बघिटली न्हवं?"

"नाही."

"मी मुद्दाम तुमच्या टेबलावर ठिवलाता ओ." त्याचे डोळे भरले होते. दोन मुलांचा बाप आहे तो. "थांबवू?"

"एक फेरी झाली. आता थांबवून काय उपयोग?"

तो उठून गेला. मी पूर्ण शंभर टक्के होईपर्यंत बसलो. तीन तास दहा मिनिटं. रजिस्टरला सही केली. सही नेहमीसारखी आली नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

नंदिनीला ऋतुराजनं सांगितलं होतं. ती ओरडली नाही. ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "चार महिने लिवत हुती ती. घरचं काम करून, पोराला निजवून."

"कोण?"

"तुमाला म्हाईत हाय कोण."

जेवण तसंच राहिलं. नंदिनी बोलत होती आणि मी ताटातल्या भाताकडं बघत होतो. भैरवी कळंब्यात राहते. तळ्याजवळ. सहा वर्षं झाली. घरून भाषांतराची कामं करते. नवरा शिक्षक आहे. मुलगा तीन वर्षांचा, सम्राट नाव. बदकाचं स्टिकर त्याचं. नंदिनी धोंडुबाईंकडं उतरते आणि तिथून दोन गल्ल्या चालत जाते. नवा लॅपटॉप घेतल्यावर जुना विकायला भैरवीनं ऋतुराजकडं दिला आणि त्यात माझ्यासाठी एवढी एकच फाइल ठेवली. पिशवी नंदिनीनं शिवलेली.

जिवंत आहे. रिक्षानं पंधरा मिनिटं लागतात, आणि मी इथं बसून भुताचा आवाज ऐकत होतो.

"काय लिहिलं होतं तिनं?"

"मला काय ठावं? तुमच्यासाठी हुतं. मी कवा कुणाचं उघडून बघिटलंय?"

"तिच्याकडं असेलच की अजून एक प्रत."

"न्हाय. विचारलं मी काल. म्हणाली, नव्यावर घेतलं न्हाय, ते वझं तिकडं न्यायचं न्हवतं. एकदाच लिवलं, परत न्हाय लिवणार." मग ताट उचलताना म्हणाली, "रागावली न्हाय ती. हसली. म्हणाली, सर नियम पाळणार, हे मला कळायला पायजे हुतं."

शनिवार, २५ जानेवारी

वरचा आवाज बंद झालाय. चार दिवस कान लावून बसलो. जिना चढून वर गेलो, पेट्यांजवळ उभा राहिलो. काही नाही. आवाज होता तेव्हा भीती वाटायची. आता हे जास्त वाईट आहे.

तिनं शिव्या दिल्या असतील का? की माफ केलं असेल? की नुसतंच तळ्याचं, मुलाचं, हवापाण्याचं लिहिलं असेल? प्रत्येक वाक्य मी मनात तयार करतो आणि प्रत्येक वाक्य माझ्याच आवाजात येतं.

बुधवार, २९ जानेवारी

काळ्यात नवं सगळं भरून झालं. बिजागरी आवळली, झाकणावरच्या स्टिकरचा चिकटा घासलेटनं काढला. कारागीर म्हणाला कीबोर्ड नवा टाकू, ए खराब दिसतो. मी टाकू दिला नाही.

आज तो विकत घ्यायला तेजस्वी नावाची एक मुलगी आली. गगनबावड्याची, इथं हॉस्टेलवर राहून शिकते. तिनं कीबोर्डवरून हात फिरवला आणि ए वर थांबली. नजर चांगली आहे.

"हे असं एका बाजूनं कसं काय झिजलं ओ?"

"आधीच्या मालकिणीची करंगळी दुखावलेली होती," मी म्हणालो. "ती शेजारच्या बोटानं मारायची."

"अगं बाई. कशानं दुखावली?"

"दारात सापडली."

विचार करायला वेळ लागला नाही. जीभ आपली आपण बोलली. एका अनोळखी मुलीला, जिला खरं सांगितलं असतं तरी माझं काही बिघडणार नव्हतं. ती हळहळली, लॅपटॉप घेऊन गेली. 

रविवार, २ फेब्रुवारी

आज सम्राटचं बोरन्हाण आहे. नंदिनीनं बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलव्याचे दागिने पिशवीत भरलेत. दारात उभी राहून तिनं दहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "येताय काय?" मी म्हणालो, थोडं थांब, थोडं लिहायचं राहिलंय. तिला वाटलं नेहमीचंच.

ऋतुराज म्हणतो फोन करा. फोनवर माझी जीभ परत दार म्हणेल. हाताचं तसं नाही. हातानं तीस वर्षं समोर असेल तेच उतरवलंय.

२००३ चा जून. शनिवारची दुपारची बॅच, चौथ्या नंबरचं मशीन, खिडकीजवळ. भैरवी पेटीच्या फटीतून बटणांकडं बघत होती. तिसऱ्यांदा पकडलं. वर्गात दहा मुलं होती आणि सरांचीच मुलगी चोरून बघते, याचा मला राग आला. पेटी वर उचलली आणि खाली आपटली. हातातून सुटली नाही. मी जोर लावला. पत्र्याची कड करंगळीवर आली.

ती ओरडली नाही. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "सर." क्लासमध्ये बाबा म्हणायचं नाही हा माझाच नियम होता.

रिक्षात मी तिला सांगितलं, डॉक्टरनी विचारलं तर दारात सापडलं म्हणायचं. तिनं मान हलवली. घरी येऊन ती दहावी पेटी फोडून मी बंबात घातली. त्या पाण्यानं आंघोळ केली. नंदिनीलाही दारच सांगितलं. तिनं विश्वास ठेवला की नाही हे मी कधी विचारलं नाही.

भैरवीनं ते दार अकरा वर्षं सांभाळलं. शाळेत, मैत्रिणींत, आजोळी, सगळीकडं दारच सांगितलं. मग रौप्यमहोत्सवात पाहुण्यांनी तिला दोन शब्द बोलायला लावले आणि गमतीनं विचारलं, सरांची मुलगी असून करंगळी का वापरत नाहीस? तिनं माइकमध्ये शांतपणे सांगितलं, "सरांनी पेटी आपटली होती." एवढंच. पुढं चांगलंही काहीतरी बोलणार होती असं आता वाटतं, कारण कागद होता तिच्या हातात. मी बोलू दिलं नाही. माइक काढून घेतला, ती खोटारडी आहे म्हणालो, माझ्या लेखी मेली म्हणालो. तो कागदही मी वाचला नाही. म्हणजे तिनं मला दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा मी न वाचता संपवलं.

भैरवी, माझ्याकडून फार मोठी चूक झाली. मी तुझं बोट मोडलं आणि मग तुलाच खोटी ठरवलं. फाइल मी नियमासाठी खोडली नाही, भीतीनं खोडली. तू काय लिहिलं होतंस ते मला आता कधीच कळणार नाही, आणि ते बरोबरच आहे. माफी आधी वाचून मग कबूल करणं फार सोपं गेलं असतं मला.

पान फाडून आणत नाही. आख्खी वहीच आणतोय. यातला शहाजोगपणा, "जगात सर काय थोडे आहेत", सगळं आहे तसं ठेवलंय. फक्त सात तारखेच्या नोंदीत एक दुरुस्ती केली. "दारात सापडली" या शब्दांवरून एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि वर लिहिलं, "मी पेटी आपटली". माझ्या आजवरच्या वह्यांतली ही पहिली खाडाखोड.

तू वाचशील, किंवा न उघडता बंबात घालशील. तुझं तू बघ. नंदिनी दारात चप्पल घालून उभी आहे आणि रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, म्हणून इथंच थांबतो.